ताट कोण थांबवतं? लहानपणीचं जेवण आणि छत्तिशीतलं वजन

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय ३६, उंची १७० सेंटिमीटर, वजन ८६ किलो. मूळ गाव बीड जिल्ह्यात, गेली १२ वर्षं पुण्यात संगणकासमोर बसून नोकरी. नोकरीला लागलात तेव्हा वजन ६४ होतं. लहानपणी इतके काटकुळे की घरात ‘पाप्याचं पितर’ म्हणायचे. आई ताट घेऊन मागे धावायची आणि पानात काही उरलं तर उठू द्यायची नाही. गेल्या पाच वर्षांत तीनदा डाएट केलंत, दर वेळी सहा-सात किलो उतरले आणि वर्षाच्या आत व्याजासकट परत आले. आता कुठेतरी वाचलंत की लहानपणीच्या खाण्याच्या सवयी जन्मभर पाठ सोडत नाहीत. म्हणून विचारताय, ‘माझं वजन तेव्हाच ठरून गेलंय का? आणि तीच आई आता माझ्या चार वर्षांच्या मुलामागे ताट घेऊन धावते, तिला कसं थांबवू?’

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण मधे एक न विचारलेला प्रश्न आहे: तीनदा उतरलेलं वजन तीनदा परत का आलं? माझ्या मते गाठ तिथे आहे. मी आहारतज्ज्ञ म्हणून २२ वर्षं काम करते, आधी सोलापुरात आणि नंतर पुण्यात. तुमच्यासारखी कहाणी आठवड्यातून एकदा तरी समोर बसते. उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा. बिनसाखरेचा मुद्दाम करू नका, नेहमीचाच घ्या.

पहिला प्रश्न आधी निकालात काढू. वजन आईंनी ठरवलेलं नाही. २०१६ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून लहानपणचा लठ्ठपणा पुढे किती टिकतो ते तपासलं. लठ्ठ मुलांपैकी साधारण ५५ टक्के किशोरवयातही लठ्ठ राहिली, आणि लठ्ठ किशोरांपैकी सुमारे ८० टक्के मोठेपणीही. बातम्यांत एवढंच येतं. त्याच अभ्यासातलं दुसरं वाक्य फार कुणी सांगत नाही: मोठेपणी लठ्ठ असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक लहानपणी किंवा किशोरवयात लठ्ठ नव्हतेच. तुम्ही त्या सत्तरांतले.

चरबीच्या पेशी लहानपणीच ठरून जातात असं तुम्ही वाचलंत, तेही खरं आहे, पण ते अर्धं आहे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की या पेशींची संख्या बालपण आणि किशोरवयात ठरते आणि पुढे जवळपास तेवढीच राहते. दरवर्षी साधारण दहा टक्के पेशी मरतात, तेवढ्याच नव्या येतात. वजन उतरलं की पेशी लहान होतात, कमी होत नाहीत. लहानपणापासून जाड असलेल्या माणसाला वजन उतरवून टिकवणं जास्त जड जातं, त्याचं हे एक कारण असावं. तुम्ही मात्र २४ व्या वर्षापर्यंत सडपातळ होतात, त्यामुळे हा मुद्दा तुम्हाला फारसा लागू नाही. पुढे जाऊ.

एका गोष्टीवर मात्र थांबायला हवं, कारण ‘मी मूळचा बारीक’ हे वाक्य माझ्या खुर्चीसमोर लोक ढालीसारखं धरतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमध्ये गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. आपली बाळं ब्रिटनमधल्या बाळांपेक्षा वजनाला बरीच कमी, हातपाय बारीक, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. वरून बारीक, आतून चरबीदार. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तो फोटो मी अजून लोकांना दाखवते. तीन परिच्छेद समजावून जे होत नाही ते त्यानं होतं.

म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयची रेघ खाली धरतात: २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. तुमचा २९.८ आहे. कमरेचा घेर पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत हवा. तुम्ही तो लिहिलेला नाही. आज टेपनं मोजा. पँटच्या नंबरावर जाऊ नका, पँट पोटाखाली सरकते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. लहानपणापासून तुमच्यासोबत आलंय काय, तर थांबायची खूण. जेवताना कधी थांबायचं हे कोण ठरवतं, पोट की ताट? तुमच्या बाबतीत ते ताट ठरवतं, आणि ही सवय लहानपणी लागलेली आहे.

तान्हं बाळ पोट भरलं की तोंड फिरवतं. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. जठर ताणलं गेल्याची जाणीव, आतड्यांतून सुटणारे संप्रेरकांचे निरोप, हे सगळं जन्मतः बसवून आलेलं असतं. (सध्या वजनाच्या ज्या इंजेक्शनांची चर्चा आहे ती यातल्याच एका निरोपाची नक्कल करतात. तुम्ही त्याबद्दलही ओझरतं विचारलंय. तो निर्णय डॉक्टरांचा, तपासण्या झाल्यावरचा.) मग हे आतलं घड्याळ बंद कसं पडतं? अमेरिकेत लीअॅन बर्च या बाईंनी मुलांच्या खाण्यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या गटाच्या एका प्रयोगात पाळणाघरातल्या मुलांना एकच पदार्थ कधी थोडा, कधी मध्यम, कधी भरपूर वाढला. तीन वर्षांच्या मुलांनी ताटात कितीही असो, साधारण तेवढंच खाल्लं. पाच वर्षांची मुलं मात्र जास्त वाढलं की जास्त खाऊ लागली होती. त्या दोन वर्षांत डोळे पोटापेक्षा मोठे झाले होते. बर्चबाईंच्याच त्याआधीच्या, १९८७ च्या एका प्रयोगात काही मुलांशी भूक आणि पोट भरण्याबद्दल बोलत राहिले, आणि काहींचं लक्ष ताट संपवण्याकडे आणि त्याबद्दल मिळणाऱ्या बक्षिसाकडे वळवलं. या दुसऱ्या मुलांना आधी जड खाऊ दिला तरी नंतर हात आखडता घेणं जमेनासं झालं.

तुमच्या घरात हा प्रयोग दहा-पंधरा वर्षं चालला, आणि तो चालवणाऱ्या बाईंकडे त्याचं सबळ कारण होतं. तुम्हीच लिहिलंय की १९७२ च्या दुष्काळात आई सात वर्षांच्या होत्या, घरात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी खाल्ली आणि दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीची, म्हणजे पौष्टिक पिठाच्या खाऊची, वाट पाहिली. त्या वयात जिनं हे पाहिलं ती बाई पुढे आपल्या मुलाच्या ताटातली अर्धी भाकरी उकिरड्यावर कशी जाऊ देईल? जेव्हा अन्न कधी मिळेल याचा भरवसा नसतो तेव्हा मिळालेलं संपवणं हा शहाणपणाच असतो. ही सवय चुकीची नव्हती. तिचा काळ संपला आणि ती राहिली, एवढंच.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असावी. तुम्ही शाळेत सायकलनं जायचा, सुट्टीत शेतात, संध्याकाळी कबड्डी. तेव्हा ताट चाटूनपुसून साफ केलं तरी अंगाला लागत नव्हतं. पुढे शेत गेलं, सायकल गेली, खुर्ची आली आणि ताट तेवढंच राहिलं. ‘तिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतं’ ही समजूत मनातून काढून टाका. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात वीस ते साठ वयात, शरीराच्या आकारमानाचा हिशेब लावल्यावर, ऊर्जेचा खर्च जवळपास सारखाच दिसला. ६४ वरून ८६ म्हणजे १२ वर्षांत २२ किलो. साठलेली चरबी म्हणून मोजलं तर रोजचे सरासरी चाळीस कॅलरी, म्हणजे एक छोटा चमचा तेल. प्रत्यक्षात जास्तीचं खाणं याहून बरंच अधिक असतं, कारण जड शरीर चालवायलाही जास्त इंधन लागतं. तरी अंदाज यावा म्हणून सांगितलं. कुणी बकासुरासारखं खाऊन २२ किलो वाढत नाही. रोज ताटात उरलेला शेवटचा चतकोर आणि मुलाच्या वाटीतला उरलेला वरणभात ‘टाकवत नाही’ म्हणून खाल्ला, की एवढं होतं. खरं सांगा, मुलाचं उरलेलं कोण खातं?

आता तो न विचारलेला प्रश्न.

तुमची तिन्ही डाएटं मी पाहिलेली नाहीत, पण वर्णनावरून ओळखीची वाटतात: सकाळी हे, अकराला ते, दोन पोळ्या, एक वाटी, रात्री सूप. म्हणजे काय, तर तक्ता. कधी खायचं, किती खायचं, कधी थांबायचं हे सगळं तक्ता ठरवणार. हे काम लहानपणी आई करायच्या, आता कागद करतो. तुमच्या पोटाला तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं आणि आताही विचारलं नाही. तक्ता पाळला तोवर वजन उतरलं, कारण सांगितलेलं पाळायची तुम्हाला सवय आहे, गुणी मुलगा आहात. लग्नसराई आली, ऑफिसची घाई आली, तक्ता सुटला. मग थांबवणारं कुणीच उरलं नाही. पुन्हा ताट मोठं झालं आणि ताट संपेपर्यंत जेवण.

हे मी दुसऱ्यांवर टीका म्हणून लिहीत नाही. पहिली आठ-नऊ वर्षं मीही असेच तक्ते देत होते. छापील. वर नाव लिहायला मोकळी जागा. माझी दुसरी चूक याहून मजेशीर आहे. ताट संपवायची सवय मोडायची म्हणून मी लोकांना सांगायचे, ‘रोज दोन घास पानात टाका.’ सोलापूरकडच्या एका बाईंनी ते महिनाभर इमानदारीनं केलं. मग आल्या आणि रडायला लागल्या. ‘मॅडम, अन्न टाकलं की जेवल्यासारखंच वाटत नाही. रात्री उठून ते दोन घास खाते.’ त्या दिवशी मला कळलं की ज्या संस्कारावर माणूस उभा आहे तो काढायला गेलं तर तो माणूस पडतो. संस्कार तसाच ठेवून काम दुसरीकडे करायला हवं.

दुसरीकडे म्हणजे वाढून घेताना. पानात टाकायचं नाही ना? ठीक, टाकू नका. पण पानात किती येतं हे तर अजून ठरायचंय. जेवणाच्या शेवटी ताटाशी लढण्यापेक्षा सुरुवातीला कढईशी बोला. तुम्हाला नेहमी लागतं त्याच्या पाऊणपट वाढून घ्या: तीन भाकऱ्या खात असाल तर दोन आणि थोडी, भात दोन वाट्या असेल तर दीड. भाजी आणि आमटी कमी करू नका, उलट भाजी दीडपट घ्या. डाळ, दही, अंडं, मोड आलेली मटकी, जे घरात असेल ते रोज दोन्ही जेवणांत असू द्या, त्यानं पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. ताट संपवा, अगदी बोटानं पुसून. मग दहा मिनिटं तिथेच बसा. ताक प्या, गप्पा मारा. आतड्यांचे निरोप मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तुम्ही, तुमच्याच शब्दांत, ‘सात मिनिटांत आटोपता’. दहा मिनिटांनी भूक असेल तर अर्धी भाकरी आणखी घ्या. घ्या म्हणजे घ्याच, अपराधी वाटून घेऊ नका. हा दुसऱ्यांदा घेण्याचा हक्क सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण तो निर्णय घेताना कित्येक वर्षांनी प्रथमच तुम्ही पोटाला विचारत असता.

सुरुवातीला पोट काही सांगणार नाही. माझ्याकडची माणसं पहिल्या आठवड्यात म्हणतात, ‘कळतच नाही, भरलंय की नाही.’ ते बरोबर आहे. वीस वर्षं न वाजवलेला रेडिओ लावला तर आधी खरखरच येते. तीन-चार आठवडे द्या.

वाढणारा माणूस दुसरा असेल तर काम अवघड होतं, हे मला माहीत आहे. आपल्याकडे आग्रहाशिवाय वाढलं तर वाढणाऱ्यालाच कमीपणा वाटतो. ‘एवढंच? बरं नाही का?’ म्हणून एक छोटी युक्ती: पोळी-भाकरीचा डबा आणि भाताचं पातेलं टेबलावर ठेवू नका, ओट्यावर ठेवा. उठून जावं लागलं की निम्मे आग्रह आपोआप गळतात. आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. लक्ष पडद्यावर असलं की त्या वेळी तर जास्त जातंच, पण जेवल्याची आठवणही कच्ची राहते आणि पुढच्या खाण्यात ती भरून काढली जाते.

लहानपणीची दुसरी सवय थोडी वेगळी आहे: बक्षीस. तुम्ही लिहिलंय की वडील बाजाराच्या दिवशी शेव-जिलबी आणायचे आणि ती ‘चांगलं वागलं तर’ मिळायची. आता रात्री दहाचा परदेशातला कॉल संपला की हात फरसाणाच्या डब्यात जातो. दोन्हींचं नातं तुमच्या लक्षात आलं नसेल, पण मेंदूनं जोडलंय: कष्ट झाले, आता खाऊ. मूठभर फरसाण म्हणजे तीस ग्रॅम धरा, दीडशे-एकशेसाठ कॅलरी, आणि मूठ एक नसते.

डबा फेकून द्या असं मी सांगणार नाही. बंदीनं काय होतं यावरही बर्च आणि त्यांच्या सहकारी फिशर यांनी १९९९ मध्ये काम केलं. एखादा खाऊ समोर दिसतोय पण हात लावायचा नाही असं ठेवलं की मुलांचं सगळं लक्ष त्याच खाऊवर जाऊन बसलं. मोठ्या माणसाचं वेगळं काही होत नाही, फक्त तो बंदी स्वतःवर घालतो आणि शनिवारी मोडतो. त्यापेक्षा फरसाण वाटीत काढा, डबा बंद करून जागेवर ठेवा, बसून खा, सावकाश. आणि आधी स्वतःला विचारा की संध्याकाळी सात ते दहा काही खाल्लं होतं का. बऱ्याचदा ती बक्षिसाची नाही, साधी भूकच असते. दुपारी दीडला डबा आणि कॉल संपवून रात्री साडेदहाला जेवण होत असेल, तर यांत नऊ तास जातात, मधे तीन चहा आणि बिस्किटं. चहात दोन चमचे साखर म्हणजे साधारण दहा ग्रॅम. तीन कपांत तीस ग्रॅम झाली. त्या ऐवजी संध्याकाळी साडेसहाला एक खरं मधलं खाणं करा: उसळ, फुटाणे आणि एखादं फळ, किंवा चक्क अर्धं जेवण. माझ्या अनुभवात रात्रीच्या डब्यावर सगळ्यात मोठा उपाय संध्याकाळी पोट भरणं हा आहे. संयमाचं काम यात फार थोडं लागतं.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते, कारण वरचं सगळं वाचून कुणीही स्वतःवर लागू करेल.

आधी तपासण्या. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज), थायरॉइड, लिपिड (रक्तातली चरबी), रक्तदाब. तुमच्या घरात मधुमेह आहे का ते लिहिलेलं नाही. जन्माचं वजन आईंना आठवत असेल तर विचारा. अडीच किलोच्या आत असेल तर साखरेकडे जरा जास्त लक्ष ठेवा. दिल्लीत १९६९ ते १९७२ मध्ये जन्मलेल्या मुलांचा तिशीपर्यंत पाठपुरावा झाला, त्यात आढळलं की ज्यांना तरुणपणी मधुमेह किंवा त्याच्या अलीकडची अवस्था आली ते बाळपणी बारीक होते आणि दोन ते बारा वर्षांत त्यांचा बीएमआय इतरांपेक्षा भराभर चढला होता. बाराव्या वर्षी त्यांतलं कुणीही लठ्ठ नव्हतं, हे लक्षात ठेवा. मुलाच्या प्रश्नात ते लागेल.

घोरता का, दिवसा झोप येते का, तेही डॉक्टरांना सांगा. झोप मोडत असेल तर भुकेचा हिशेब बिघडतो. स्टेरॉइड किंवा मानसिक आजारावरची काही औषधं वजन वाढवतात, ती चालू असतील तर स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्यांशी बोला. आणि जर रात्रीचं खाणं असं असेल की थांबावंसं वाटूनही थांबता येत नाही, लपून खाल्लं जातं, नंतर स्वतःची घृणा येते, तर हे माझ्या वाटी-चमच्याचं काम नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ हवेत आणि तिथे जाण्यात लाजण्यासारखं काही नाही.

वजनाचं उद्दिष्ट: पहिल्या सहा महिन्यांत चार ते सहा किलो. तुम्हाला हे कमी वाटेल, कारण तीनदा तुम्ही याहून जास्त, याहून लवकर उतरवलंय. पण ८६ चे ८१ झाले आणि वर्षभर ८१ राहिले तर साखर आणि रक्तदाब दोघांनाही ते कळतं. अमेरिकेतल्या २००२ च्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात सात टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच लक्ष्य होतं, आणि मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तेव्हा रोज पंचवीस मिनिटं भराभर चाला. जेवणानंतर चालता आलं तर दुधात साखर.

आता तुमचा मुलगा. त्याच्याबाबत तुम्ही फक्त ‘अंगावर धरत नाही’ एवढं लिहिलंय. वजन-उंची नाही. आधी बालरोगतज्ज्ञांकडे वाढीचा तक्ता भरून घ्या. उंचीची रेघ नीट वर जात असेल, मूल खेळतंय, पडतंय-धडपडतंय, तर पुढचं वाचा. रेघ सपाट झाली असेल, वारंवार आजारी पडत असेल, चेहरा फिकट असेल, तर माझा पुढचा सल्ला बाजूला ठेवा. आपल्याकडे खरं कुपोषणही भरपूर आहे आणि प्रत्येक बारीक मूल ‘नॉर्मल’ नसतं.

आजी-आजोबांना सहसा कुणी सांगत नाही अशी गोष्ट ही: पहिल्या वर्षाचं बाळसं मूल चालायला लागल्यावर उतरत जातं आणि पाच-सहा वर्षांच्या आसपास मूल सगळ्यात बारीक दिसतं. तिथून पुढे पुन्हा भरायला लागतं. म्हणजे तुमच्या मुलाचं वय नेमकं असं आहे की निसर्गानंच त्याला बारीक व्हायला सांगितलंय, आणि नेमकं याच वयात घरातले सगळे ताट घेऊन मागे लागतात. हे पुन्हा भरणं फार लवकर सुरू होणं चांगलं नाही. दिल्लीची ती मुलं आठवा. शिवाय तीन ते पाच हेच वय, ज्यात बर्चबाईंच्या प्रयोगातली मुलं पोटाचं ऐकणं सोडून ताटाकडे बघायला लागली होती. तुमच्या मुलाचं घड्याळ बहुधा अजून चालू आहे. ते दुरुस्त करायचं नाही, फक्त बंद पाडायचं नाही.

नियम एकच आहे, एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी घालून दिलेला, आणि मला याहून चांगला सापडलेला नाही. काय, केव्हा आणि कुठे बसून खायचं ते मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, ते मुलानं. वरण-भात, पोळी, भाजी समोर ठेवा, लहान वाटीत लहान वाढा, एक पदार्थ त्याच्या आवडीचा असू द्या. खाल्लं, चांगलं. नाही खाल्लं, वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला, चेहरा न बदलता. दोन-अडीच तासांनी पुढचं खाणं येणारच आहे. मधल्या वेळेत दुधाचे कप आणि बिस्किटं बंद, कारण जेवायला भूक न उरण्याचं कारण दहातल्या सात घरांत मला तेच सापडतं. नवी भाजी दहा-दहा वेळा समोर यावी लागते. दोनदा नाकारली म्हणजे आवडत नाही असा निकाल देऊ नका. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हे वाक्य घरातून काढून टाका. त्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आहे.

आणि आई. त्यांना हे तुम्ही सांगा, बायकोला पुढे करू नका. सुनेनं सांगितलं तर त्यात आहारशास्त्र राहत नाही, भांडण होतं. ‘तुझ्यामुळे मी जाड झालो’ हे वाक्य तर मुळीच नको, ते खरंही नाही. त्यांना कामावरून काढू नका, काम बदलून द्या. त्यांना धावायचं असतं ते भरवायला नाही, आपण कुणाला तरी लागतो म्हणून. नातवाला सोबत घेऊन मेथी निवडायची, शेंगा सोलायच्या, त्याच्या हातानं पिठाचा गोळा लाटून घ्यायचा, आणि जेवताना त्याच्या शेजारी बसून स्वतः जेवायचं. मूल सांगितलेलं ऐकत नाही, समोरचं माणूस काय खातं ते बघतं. अन्न वाया जाऊ नये ही त्यांची तळमळ पूर्ण मान्य करा: म्हणून तर कमी वाढायचं, आणि हवं असेल तर त्यानं मागायचं. माझ्याकडच्या एका आजींनी हे ऐकून मला विचारलं, ‘आणि मागितलंच नाही तर?’ मी म्हटलं, तर दोन तासांनी मागेल. आठ दिवसांनी त्या परत आल्या. तक्रार होती की आता सारखं मागतो.

थोडक्यात तुमच्यासाठी पुढचे पंधरा दिवस: कमरेचा घेर, तपासण्या, पाऊणपट वाढून घेणं आणि दहा मिनिटं बसणं, संध्याकाळचं खरं खाणं, आणि मुलाचं उरलेलं न खाणं. ते फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी फोडणी द्या. वजनकाटा आठवड्यातून एकदाच. डाएट सुरू केलंय असं घरात जाहीर करू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळे तुमच्या ताटात डोकावतील.

एक मात्र मला तुमच्या वर्णनावरून नीट कळलं नाही. रात्रीचं जेवण त्या दहाच्या कॉलच्या आधी होतं की नंतर, आणि कॉल रोज असतो की आठवड्यातून दोन-तीनदा? आधी जेवत असाल तर फरसाण बक्षीस आहे, नंतर जेवत असाल तर ती बहुधा भूक आहे, आणि मग मी संध्याकाळचं खाणं वेगळ्या रीतीनं बसवून देईन. तेवढं कळवा.